निलगिरीची वाफेची गाडी: मेट्टुपालयम स्थानकावर काय बघायचं आणि तिकीट नेमकं कुठपर्यंतचं काढायचं?

मुळामुठा_काठ यांचा प्रश्न

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून निघतोय. दोघं मोठे, आठ वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांची आई. उटी हे निमित्त आहे, खरं जायचंय ते निलगिरीच्या डोंगरी गाडीसाठी. मुलाला वाफेचं इंजिन चालताना दाखवायचंय, चौथऱ्यावर रंगवून ठेवलेलं नव्हे. शोधलं तर प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलेलं सापडतं. कुणी म्हणतं गाडी उटीपर्यंत वाफेवर जाते, कुणी म्हणतं आता सगळं डिझेल झालंय.

तर जाणकारांनी नीट सांगावं. वाफेचं इंजिन नक्की कुठून कुठपर्यंत असतं? चढताना बसावं की उतरताना? मेट्टुपालयम स्थानकावर तासभर आधी जाऊन बघण्यासारखं काही आहे का, की ऐनवेळी पोचलं तरी चालतं? पहिला वर्ग घ्यावा का? आईचे गुडघे दुखतात, गाडीत स्वच्छतागृह नाही असं ऐकलं, ते खरं असेल तर पाच तास कसे काढायचे? आणि पुण्याहून सकाळी सातच्या गाडीला कसं पोचायचं?

---

लोहमार्ग

आधी सगळ्यात महत्त्वाचं. वाफेचं इंजिन असतं ते मेट्टुपालयम ते कुन्नूर या २८ किलोमीटरांत. कुन्नूरला ते सुटतं आणि पुढे उटीपर्यंतच्या १८ किलोमीटरांना डिझेल लागतं. कुन्नूर–उटी अशा दिवसभरात ज्या छोट्या फेऱ्या असतात त्याही डिझेलच्याच. दरवर्षी कितीतरी लोक उटीत पोचतात, तिथून कुन्नूरचं तिकीट काढतात, गाडीत बसतात आणि 'वाफेचं इंजिन कुठाय' म्हणून विचारत राहतात. तुम्ही दोन्ही ऐकलंत आणि दोन्ही अर्धं अर्धं बरोबर आहे.

याचं कारण रुळांत आहे. मेट्टुपालयम समुद्रसपाटीपासून सुमारे ३२६ मीटरवर. तिथून कल्लारपर्यंतचे ८ किलोमीटर जवळपास सपाट, सुपारीच्या बागांमधून. कल्लार संपलं की डोंगर अंगावर येतो. कल्लार सुमारे ३८४ मीटर, कुन्नूर सुमारे १७१२ मीटर, म्हणजे २० किलोमीटरांत १३०० मीटरहून जास्त चढाई. सगळ्यात तीव्र चढ १२ ला १. आपल्या माहितीतला बोर घाट घ्या, कर्जत–लोणावळ्यात चढ ३७ ला १ आहे आणि तेवढ्यासाठीही गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावावी लागतात. इथे त्याच्या तिप्पट. साध्या रुळावर चाक नुसतं घसरेल. म्हणून कल्लार ते कुन्नूर दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत आणि इंजिनाच्या पोटाखालचं दातेरी चाक त्यात अडकून वर चढतं. असं दातेरी चाक या मार्गावरच्या डिझेल इंजिनाला नाही. कुन्नूरच्या पुढे चढ २३ ला १ पेक्षा जास्त नाही, तिथे साधी चाकं पुरतात, म्हणून तिथे डिझेल चालतं.

आता वेळा. ५६१३६ क्रमांकाची गाडी मेट्टुपालयमहून सकाळी ७.१० ला निघते, कुन्नूरला साडेदहाच्या सुमारास आणि उटीला बाराच्या आसपास. परतीची ५६१३७ उटीहून दुपारी २ ला निघून साडेपाचच्या सुमारास खाली. जाणं-येणं मिळून रोजची एवढीच एक जोडी वाफेची. हंगामात कधीकधी जादा विशेष गाड्या सोडतात, त्यांचं भाडं वेगळं असतं.

चढच घ्या. त्यावर दुमत व्हायचं कारण नाही. उतरताना इंजिन वाफेवर ओढत नाही, नुसतं धरून ठेवतं. सिलिंडर हवा दाबणाऱ्या पंपासारखे चालवून गाडी रोखली जाते, त्यामुळे ज्या आवाजासाठी एवढं लांब जायचं तो आवाज उतरताना येत नाही. वेळही चढताना पावणेपाच तास आणि उतरताना साडेतीन. मुलाला इंजिन काम करताना दाखवायचं असेल तर सकाळची गाडी.

तिकीट कुन्नूरपर्यंतचं मिळालं तर तेवढंच पुरे. नाही मिळालं तर उटीपर्यंतचं काढा आणि वाटलं तर कुन्नूरला उतरा. पण जमलं तर पुढेही जा. केट्टीची दरी आणि लव्हडेलच्या आसपासची निलगिरीची झाडं डिझेलच्या मागूनही तितकीच सुंदर दिसतात.

---

दातेरी_चाक

लोहमार्ग यांनी मुद्द्याचं सांगितलं. स्थानकावर तासभर आधी जायचं का, त्याचं उत्तर: हो, सहाला पोचा, आणि मुलाला हे इंजिन *वाचायला* शिकवा. असं दुसरं इंजिन देशात कुठे रोजच्या कामाला नाही.

याला 'एक्स' वर्ग म्हणतात. मूळ इंजिनं स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यातली, पहिली १९१३ च्या सुमाराची, शेवटची १९५२ ची. बाजूला उभं राहून बघितलं की पहिल्यांदा डोळ्यात भरतात ते एकावर एक दोन सिलिंडर. असे दोन्ही बाजूंना मिळून चार. खालच्या जोडीत बॉयलरची ताजी, जास्त दाबाची वाफ जाते आणि ती नेहमीची आठ चाकं फिरवते. सपाटीवर एवढंच काम चालतं, वापरलेली वाफ सरळ धुराड्यातून बाहेर. दातेरी भागात शिरलं की चालक ती वापरलेली वाफ वरच्या जोडीकडे वळवतो. तिच्यात अजून दाब शिल्लक असतो, त्यावर वरचे सिलिंडर मधलं दातेरी चाक फिरवतात. एकाच वाफेकडून दोनदा काम.

वरच्या जोडीची गती आणि खालच्या जोडीची गती वेगळी. वरचे दांडे मधल्या गिअरमुळे जवळपास दुप्पट वेगाने आणि उलट्या दिशेने फिरतात. गाडी वळणावर आली की खिडकीतून मागे इंजिनाकडे बघायचं. खालचे दांडे संथ, वरचे घाईत, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. आठ वर्षांच्या मुलाला हे एकदा दाखवलं की पुढचे तीन तास तो हलणार नाही.

दुसरी गोष्ट, रुळांमधली पट्टी. मेट्टुपालयमच्या फलाटासमोर ती नाही, कल्लारनंतर सुरू होते. ती एक नाही, शेजारी शेजारी दोन आहेत, आणि एकीचा दात जिथे येतो तिथे दुसरीची खाच येते. त्यामुळे वळणावरही कुठला तरी एक दात चाकात कायम पकडलेला राहतो. एकच पट्टी असती तर दात सुटण्याच्या क्षणी सगळा भार क्षणभर मोकळा झाला असता. स्विस अभियंता रोमान आब्टच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते.

कल्लार सोडल्यावर गाडी अगदी चालण्याच्या वेगावर येते, तिथे कान द्या. पट्टीच्या सुरुवातीला स्प्रिंगवर बसवलेला एक हलता तुकडा असतो. दातेरी चाकाचा दात नेमका खाचेत आला नाही तर तो तुकडा खाली दबतो, सरकतो, आणि दात जुळला की वर येतो. चालकाने घाई केली तर दातावर दात आदळतो, म्हणून तिथे वेग जवळजवळ नाहीसा करावा लागतो. खालून एक हलका ठोका जाणवतो आणि मग इंजिनाचा सूर बदलतो. तो बदल मुलाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो वाट बघेल.

एक स्पष्ट करतो, कारण यावरून नंतर निराशा होते. तुमच्या गाडीला लागलेलं इंजिन शंभर वर्षांचं असेलच असं नाही. २०११ ते २०१४ या काळात तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात याच आराखड्याची चार नवी इंजिनं बांधली गेली. ती तेलावर चालतात. जुन्यातलीही काही २००२ पासून कोळशावरून तेलावर आणली गेली, कारण उपलब्ध कोळशावर एवढ्या चढाला पुरेशी वाफ टिकत नव्हती आणि उडणाऱ्या ठिणग्यांनी वणव्याची भीती होती. त्यानंतर त्याच कारखान्यात कोळशावरचं नवं इंजिनही तयार झालं. तेव्हा फावड्याने कोळसा टाकणारा फायरमन दिसेलच अशी अपेक्षा ठेवू नका. पण सिलिंडर, दांडे, दातेरी चाक, सगळं १९१३ च्याच रचनेचं. आपल्याच कामगारांनी ते हातांनी पुन्हा घडवलं हे माझ्या दृष्टीने मूळ इंजिनाइतकंच मोलाचं आहे. इंजिनाच्या अंगावर बांधणीची पाटी असते, ती वाचा म्हणजे कोणतं ते कळेल.

---

फलाट_क्रमांक_एक

मेट्टुपालयम स्थानकाबद्दल थोडं, कारण लोक तिथे फक्त गाडी बदलायला उतरतात.

हे ब्रॉडगेज आणि मीटरगेज यांचं मिलनस्थान. चेन्नईहून रात्री नऊच्या सुमारास निघणारी निलगिरी एक्सप्रेस, क्रमांक १२६७१, सकाळी सव्वासहाच्या आसपास इथे येते. तिच्या प्रवाशांनी डोंगरी गाडी पकडावी असंच वेळापत्रक आखलेलं आहे. त्यामुळे सव्वासहा ते सात या वेळात फलाटावर गर्दी उसळते. त्याआधी पोचलात तर डबे लागताना, इंजिनात पाणी भरताना, ते हळूहळू मागे येऊन जोडलं जाताना निवांत बघता येतं. इंजिन उटीच्या दिशेला नाही, उलट्या टोकाला जोडतात. चढताना ते गाडी ओढत नाही, मागून ढकलतं. जोडणी तुटलीच तरी डबे दरीकडे सुटू नयेत, इंजिन खालच्या बाजूला भिंतीसारखं उभं असावं, हा त्यामागचा विचार. अनेक जण फोटोसाठी पुढच्या टोकाला धावतात आणि तिथे डब्याची गॅलरी बघून गोंधळतात.

त्या गॅलरीतल्या माणसाकडे लक्ष द्या. इंजिन मागे असल्याने चालकाला पुढचा मार्ग दिसत नाही. पुढच्या डब्यावरचा ब्रेक्समन मार्गावर नजर ठेवतो, हातात लाल आणि हिरवं निशाण. त्याने दाखवलं की त्याच्या मागच्या डब्यावरचा, मग त्याच्याही मागचा, असं निशाण हातोहात चालकापर्यंत पोचतं. प्रत्येक डब्याचा हाताने फिरवायचा ब्रेक यांच्याच ताब्यात. दगड पडलेला असो की हत्ती उभा असो, पहिल्यांदा दिसतो तो यांना. ही माणसं नसतील तर गाडी एक इंच हलणार नाही. कामात असताना त्यांना सेल्फीसाठी हाका मारू नयेत, एवढं तरी करूया.

स्थानकाच्या आवारात या मार्गाच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय आहे, जुनी उपकरणं आणि छायाचित्रं आहेत. पण सकाळच्या घाईत ते जमत नाही. आदल्या दिवशी मुक्काम असेल तर संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास परतीची गाडी येताना बघा आणि त्याच फेरीत संग्रहालय चालू असेल तर तेही. डब्यांच्या दुरुस्तीचं वर्कशॉपही इथेच आहे, मात्र परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. इंजिनांची शेड कुन्नूरला.

इतिहासाची नोंद हवी असेल तर: काम १८९१ ला सुरू झालं, कुन्नूरपर्यंत १८९९ ला गाडी धावली, उटीपर्यंत १९०८ ला. एकूण ४६ किलोमीटर, २०८ वळणं, १६ बोगदे, २५० पूल. २००५ ला युनेस्कोच्या यादीत गेली, दार्जिलिंगच्या पाठोपाठ.

पुण्याहून पोचायचं कसं. लोकमान्य टिळक टर्मिनस–कोइम्बतूर एक्सप्रेस, ११०१३, पुण्यावरूनच जाते. पुण्याला ती मध्यरात्रीनंतर येते, म्हणून आरक्षणाची तारीख नीट बघा. इथे चुकणारे फार. मुंबईच्या तारखेचं तिकीट काढून पुण्याच्या फलाटावर एक दिवस उशिरा पोचतात. कोइम्बतूरला ती सकाळी पोचते, पण त्या दिवशीची ७.१० काही मिळत नाही. तेव्हा तो दिवस आणि ती रात्र मेट्टुपालयमला काढा. कोइम्बतूर ते मेट्टुपालयम साध्या पॅसेंजर गाड्या आहेत, रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर. भवानी नदीकाठचं वनभद्रकाली अम्मनचं देऊळ जवळच आहे, दुपार चांगली जाते. विमानाने कोइम्बतूरला उतरलात तरी मुक्काम मेट्टुपालयमलाच करा. कोइम्बतूरला राहून पहाटे टॅक्सीने येता येतं, पण बहात्तर वर्षांच्या माणसाला साडेचारला उठवून मग पाच तास लाकडी-रेक्झिन बाकावर बसवायचं, हे नको.

---

मुळामुठा_काठ

फार उपयोगी माहिती, मनापासून आभार. मागून ढकलतं हे माहीतच नव्हतं. मग डबा कुठला घ्यावा? पुढचा की इंजिनाजवळचा? आणि दरी कोणत्या बाजूला? आईचं अजून कुणी सांगितलं नाही.

---

रानवाट

डब्याबद्दल. सगळ्यात पुढच्या डब्यातून समोरचा मार्ग, बोगद्याचं तोंड, पूल, सगळं चालकाच्या नजरेने दिसतं. पहिल्या वर्गाची जागा साधारण इथेच असते, म्हणून पैसे त्या दृश्याचे. पण इंजिन खूप मागे राहतं. सगळ्यात मागचा डबा इंजिनाला चिकटून, तिथे आवाज पुरेपूर, वाफेचे थेंब आणि तेलाचा वास खिडकीतून आत. दृश्य हवं तर पुढे, इंजिन हवं तर मागे. तुमच्या मुलासाठी मी मागचा दुसरा वर्ग म्हणेन आणि आईसाठी पहिला, पण चौघं एकत्रच बसाल हे उघड आहे. तेव्हा आईच्या सोयीने पहिला वर्ग घ्या. तिथे दाटी कमी असते. गाडीच एवढी छोटी आहे की थांब्यावर उतरून इंजिनापर्यंत चालत जायला मिनिटभर लागतं. मुलाला इंजिन तिथे भेटेल. मात्र जागा संगणक देतो, निवड फारशी हातात नसते.

बाजूवरून वाद घालू नका. वळणं २०८ आहेत, दरी इकडून तिकडे जात राहते. शिवाय कुन्नूरला गाडी थोडी उलटी मागे येऊन मग उटीच्या फाट्याला लागते.

आता आई. डब्यांत स्वच्छतागृह नाही, हे खरं. डबे एकमेकांना आतून जोडलेलेही नाहीत. प्रत्येक कप्प्याला दोन्ही बाजूंनी दार आणि समोरासमोर बाक, त्यामुळे चालत्या गाडीत हलता येत नाही. पण पाच तास सलग बसावं लागत नाही. इंजिनाला पाणी लागतं आणि वर चढताना ते फार पितं, म्हणून गाडी ॲडर्ली, हिलग्रोव्ह, रनीमेड इथे पाणी भरायला थांबते. त्यात हिलग्रोव्ह हा मोठा थांबा, मेट्टुपालयमपासून सुमारे १८ किलोमीटरवर. तिथे स्वच्छतागृह आहे, चहा-नाश्त्याची टपरी आहे. पुढचं नीट स्वच्छतागृह कुन्नूरला. म्हणून क्रम असा ठेवा: निघण्याआधी मेट्टुपालयमला, मग हिलग्रोव्हला, मग कुन्नूरला. हिलग्रोव्हला गाडी थांबता थांबता एकाने पुढे होऊन आईला उतरवून न्या, कारण पाचच मिनिटांत रांग लागते. पायरी उंच आहे, वरून एकाने आणि खालून एकाने हात द्यायला हवा. सोबत बसकण म्हणून एक पातळ उशी घ्या. गुडघ्यांपेक्षा कंबर आधी बोलते.

उतरलात तरी इंजिनाच्या शिट्टीकडे कान ठेवा. थांबा ठरलेल्या मिनिटांचा नसतो. टाकी भरली की गाडी निघते.

माकडांबद्दल वेगळं सांगायला हवं. हिलग्रोव्हला त्यांचे कळप असतात आणि थांबणाऱ्या गाडीचा अर्थ त्यांना पक्का कळतो. हातातलं केळं, वड्याचा कागद, चमकणारी पिशवी, काहीही ओढतात. खिडकी लावूनच डबा सोडा. मुलाच्या हातात खाऊ देऊन फलाटावर उतरवू नका. आणि कृपा करून त्यांना काही टाकू नका. खाऊ टाकला की ती गाडीखाली येतात.

थंडीचे कपडे चढवायची घाई नको. मेट्टुपालयमला फेब्रुवारीतही सातला हवा साधीच असते, कुन्नूर जवळ आलं की गारवा जाणवतो. उटीला रात्री मात्र चांगली थंडी, तिथे स्वेटर, कानटोपी लागतेच. एक पिशवी हाताशी ठेवा, मोठं सामान कमीत कमी. या डब्यांत बाकाखाली मोठ्या सूटकेस मावत नाहीत आणि मग त्या पायांत येतात, सगळ्यात जास्त त्रास म्हाताऱ्या माणसांना.

---

घाटमाथा

फेब्रुवारी निवडलात ते उत्तम केलंत. आपल्याकडे पाऊस म्हटलं की जून ते सप्टेंबर, म्हणून बरेच मराठी प्रवासी 'पाऊस संपला' म्हणून दिवाळीच्या सुट्टीत निलगिरीला जातात आणि नेमके फसतात. हा मार्ग डोंगराच्या पूर्व उताराने चढतो आणि त्या बाजूला खरा जोर ईशान्य मोसमी पावसाचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. कल्लार ते कुन्नूर भागात दरडी पडतात, झाडं रुळावर येतात, दातेरी पट्ट्यांत दगड अडकतात. पट्टीच्या खाचेत मुठीएवढा दगड राहिला तरी गाडी सोडत नाहीत, कारण दातेरी चाक त्यावर चढलं तर दाताची पकड सुटते. त्यामुळे या महिन्यांत गाडी एकेक दिवस, कधी आठवडाभरही रद्द होते. रेल्वेने गाडी रद्द केली तर पूर्ण पैसे परत मिळतात, पण हॉटेल आणि पुढचा प्रवास कोलमडतो तो वेगळा. जानेवारी ते मार्च सगळ्यात भरवशाचा काळ. एप्रिल-मेमध्ये गाडी धावते, पण तिकीट मिळणं मुश्कील.

तिकीट. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. स्थानकांच्या नावांत उटी शोधू नका, ती 'उदगमंडलम' नावाने आहे. उघडलं त्याच सकाळी काढा. डबे चारच्या आसपास, जागा मोजक्या, म्हणून प्रतीक्षायादी क्वचितच पुढे सरकते. यादीत दहाव्या क्रमांकावर आहोत म्हणून आशेने जायचं असं मोठ्या गाडीत चालतं, इथे नाही. शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार धरा. कुन्नूरपर्यंतचं, उटीपर्यंतचं, दोन्ही तपासा. चढतीचं मिळत नसेल तर तारीख एक दिवस पुढे-मागे करा, पण 'उतरतीचं तरी घेऊ' असं करू नका. कारण वर लोहमार्ग यांनी सांगितलंच आहे.

गाडी अडली तर. दातेरी भागात इंजिन बिघडलं तर डिझेल पाठवून ओढता येत नाही, कुन्नूरच्या शेडमधून दुसरं वाफेचंच इंजिन यावं लागतं. वाफेचा दाब कमी पडल्यामुळे मध्येच थांबून दाब वाढवणं हे तर नेहमीचं, त्याला बिघाड म्हणू नका. इंजिन दहा मिनिटं नुसतं उभं राहून गुरगुरत असेल तर ते दम घेत असतं. त्या दिवशी पुढचं काही घड्याळाला बांधून ठेवू नका. उटीहून दुपारची बस, संध्याकाळचं विमान असलं काही नको.

प्लास्टिक. निलगिरी जिल्ह्यात एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकवर बंदी आहे आणि त्यात पाण्याच्या बाटल्याही येतात. नाक्यांवर तपासतात, दंड होतो. चौघांना चार स्टीलच्या बाटल्या घ्या, मेट्टुपालयमला भरून निघा. वर पाण्याची भरण्याची यंत्रं ठिकठिकाणी आहेत. वेफर्सची पाकिटं पुण्याहून नेण्यापेक्षा डब्यात दशम्या, तिळाची चटणी, पोळीचा लाडू असं न्या. माकडांचंही त्याकडे लक्ष जात नाही, कारण डबा चुरचुरत नाही.

ई-पास. मे २०२४ पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने निलगिरीत येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांना ई-पास लागतो. तुम्ही रेल्वेने चढणार, तुम्हाला नाही. पण खाली उतरताना किंवा फिरायला बाहेरच्या जिल्ह्यातली टॅक्सी बोलावणार असाल तर चालकाकडे पास आहे ना, हे आधी विचारा. स्थानिक टॅक्सी सोपी पडते.

---

लोहमार्ग

एक राहिलं. मुळामुठा_काठ, मी तुमच्या जागी असतो तर उटीऐवजी पहिला मुक्काम कुन्नूरला केला असता. साडेदहाला उतरा, सामान ठेवा, आईला विश्रांती द्या. स्थानकाच्या खालच्या टोकाला जाऊन दातेरी पट्टी कुठे संपते ते मुलाला दाखवा, इथे ती निवांत आणि जवळून दिसते (फलाटावरूनच, रुळांत उतरायचं नाही). दुपारी सिम्स पार्क. १८७४ चं उद्यान आहे, उतारावर, पण वरच्या दारापाशीच बाकं आहेत, आईला खालपर्यंत जायची गरज नाही. सव्वातीनच्या सुमारास परत स्थानकावर या. उटीहून आलेल्या गाडीचं डिझेल काढून खाली जाण्यासाठी वाफेचं इंजिन जोडतात, ते बघा. सकाळी त्यात बसल्यामुळे जे दिसलं नाही ते बाहेरून इथे दिसतं.

दुसऱ्या दिवशी कुन्नूर–उटी साध्या गाडीने. अठरा किलोमीटर, सव्वा तासाच्या आसपास. वेलिंग्टनची छावणी, अरुवनकाडूचा स्फोटकांचा जुना कारखाना, केट्टीची दरी, आणि लव्हडेलला सगळ्यात उंच जागा, सुमारे २३४५ मीटर. तिथून उटीला गाडी चक्क उतरते. हे तिकीट बऱ्यापैकी सहज मिळतं.

नेरळ–माथेरानशी तुलना कुणीतरी करेलच, म्हणून सांगतो. ती १९०७ ची, दोन फुटी रुळांची, आणि तिथे दातेरी पट्टी नाही. तिथल्या चढाला वळणंच इतकी घेतली आहेत की चाकं धरतात. अभियंत्याने एकाच प्रश्नाची दोन उत्तरं कशी काढली ते बघायचं असेल तर परत आल्यावर मुलाला एका रविवारी माथेरानला न्या. मधली पट्टी कुठे गेली, हे तो स्वतःच विचारेल.

---

मुळामुठा_काठ

ठरलं. मंगळवारची चढती गाडी, पहिला वर्ग, उटीपर्यंतचं तिकीट बघते पण उतरणार कुन्नूरला. आदल्या रात्री मेट्टुपालयम. ११०१३ ची तारीख आत्ताच पुन्हा तपासली आणि बरं झालं तपासली, मी मुंबईचीच धरून बसले होते. कुन्नूरला स्थानकाजवळ, पायऱ्या नसलेली राहायची जागा कुणाला माहीत आहे का?

---

रानवाट

कुन्नूरचं स्थानक खालच्या बाजारभागात, लोअर कुन्नूरला आहे. बरीचशी चांगली हॉटेलं अप्पर कुन्नूरला, सिम्स पार्कच्या बाजूला. अंतर कमी, पण चढ आहे, आईंना चालवू नका, रिक्षा करा. हॉटेलला फोन करून दोनच प्रश्न विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, आणि गाडी दारापर्यंत येते का. डोंगरावर 'तळमजला' म्हणजे कधीकधी रस्त्यापासून तीस पायऱ्या खाली असतो, म्हणून दुसरा प्रश्न सोडू नका.